कान आधी, जीभ नंतर

ज्यांनी टीव्हीवर क्रिकेटचं इंग्रजी समालोचन वर्षानुवर्षं ऐकलं आहे, त्यांचं इंग्रजीच्या प्रादेशिक उच्चारांचं निम्मं शिक्षण घरबसल्या झालेलं असतं. जेफ्री बॉयकॉट यॉर्कशायरचे. त्यांच्या तोंडचा ‘रबिश’ आपल्याला ‘रुबिश’ ऐकू यायचा. रिची बेनॉ ऑस्ट्रेलियाचे, मायकल होल्डिंग जमैकाचे, डॅनी मॉरिसन आणि इयान स्मिथ न्यूझीलंडचे. या शेवटच्या दोघांचा ‘सिक्स’ कान देऊन ऐका, तो ‘सक्स’कडे झुकतो. सामना बघताना आपलं यातल्या कशानेच अडत नाही. समोर चेंडू दिसतो, धावफलक दिसतो आणि पुढे कोणता शब्द येणार याचा अंदाज आधीच आलेला असतो.

अडतं ते तिकडे गेल्यावर. लीड्सच्या रुग्णालयात रुजू झालेली नर्स, ऑकलंडमध्ये भाड्याचं घर शोधणारं जोडपं, नातवंडांसाठी डॅलसला गेलेले आजी-आजोबा, यांच्यासमोर धावफलक नसतो. फोनवर तर समोरच्याचा चेहराही दिसत नाही. आयुष्यभर इंग्रजी वाचलेल्या, इंग्रजीत नोकरी केलेल्या माणसालाही मग ‘पार्डन?’ असं तीन-तीनदा विचारावं लागतं आणि आपलं इंग्रजीच कच्चं आहे असं त्याला वाटू लागतं.

परदेशी जाण्याआधी इंग्रजी पक्कं करायला माझ्याकडे येणारे बहुतेक जण जिभेपासून सुरुवात करतात. अमेरिकेला जायचं म्हणून ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करायचं, लंडनला जायचं म्हणून ‘कार’मधला र गिळायचा. माझं सांगणं याच्या उलट आहे. कानाला जितकी वळणं ऐकवता येतील तितकी ऐकवा. जिभेला मात्र एकच वळण असू द्या, तेही तुमचं स्वतःचं. त्यात पुढे सांगितलेल्या चार दुरुस्त्या केल्या म्हणजे पुरे. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, की इंग्रजीतले स्वर देवनागरीत अंदाजानेच लिहिता येतात. इथली अक्षरं वाटाड्यासारखी वापरा आणि खरा आवाज प्रत्यक्ष ऐकून घ्या.

बरोबर उच्चार कोणाचा?

‘शेड्यूल’ बरोबर की ‘स्केड्यूल’, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच. इंग्लंडमध्ये ‘शेड्यूल’ रूढ आहे, अमेरिकेत ‘स्केड्यूल’, कॅनडात दोन्ही. पण हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा उच्चार ‘सेड्यूल’च्या जवळचा होता. पुढे लॅटिनकडे बघून त्याचं स्पेलिंग बदललं गेलं आणि त्या स्पेलिंगकडे बघून नवे उच्चार तयार झाले. म्हणजे आज भांडणारे दोन्ही पक्ष मूळ उच्चारापासून सारखेच लांब आहेत.

‘हर्ब’चंही तसंच. अमेरिकन माणूस ‘अर्ब’ म्हणतो तेव्हा तो ह खातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हा शब्द फ्रेंचमधून आला तोच मुका ह घेऊन, आणि इंग्लंडमध्येही कित्येक शतकं तो मुकाच राहिला. लिहिलेलं अक्षर उच्चारलंच पाहिजे हा आग्रह तिथे एकोणिसाव्या शतकात वाढला आणि ‘हर्ब’ रुजला. तोवर अमेरिका वेगळी झालेली होती. ‘अॅल्युमिनियम’ आणि अमेरिकेतलं ‘अलूमिनम’ यांतही मूळ कोणतं म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने स्वतःच 1812 साली ‘अलूमिनम’ लिहिलं होतं; इतरांना ते पोटॅशियम-सोडियमच्या पंक्तीत शोभेना म्हणून ‘इयम’ लागलं. अमेरिकन केमिकल सोसायटीने 1925 मध्ये ‘अलूमिनम’ पक्कं केलं.

अमेरिकेतला ठसठशीत र आणि लंडनचा गिळलेला र यांचंही कारण इतिहासातच आहे. इंग्रज अमेरिकेत वस्तीला गेले ते सतराव्या शतकात, तेव्हा इंग्लंडमध्येही ‘कार’, ‘फार्म’मधला र बोलला जात होता. लंडनच्या परिसरात तो गळाला मुख्यतः अठराव्या शतकात. ऑस्ट्रेलियातली पहिली वसाहत 1788 ची, म्हणून तिकडे र-गळती झालेलं इंग्रजी गेलं. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा यांनी र सोडला नाही.

हे सगळं सांगण्यामागे व्यावहारिक कारण आहे. समोरच्याने वेगळा उच्चार केला की आपल्या मनात ‘कोण चुकलं’ हा हिशेब सुरू होतो आणि त्या दोन सेकंदांत त्याचं पुढचं वाक्य निसटतं. त्याऐवजी ‘हा कुठला?’ हा प्रश्न मनात यायला हवा. ही सवय लागली की अर्धी धास्ती जाते.

पाहुण्या शब्दांची तऱ्हा

बाहेरच्या भाषांतून आलेल्या शब्दांत सर्वांत जास्त फरक पडतो, आणि नेमके हेच शब्द हॉटेलात, दुकानात रोज लागतात. त्यातला एक भाग मात्र नियमात बसतो. इटालियन, स्पॅनिश, अरबी अशा शब्दांतल्या ‘आ’ला अमेरिकन माणूस बहुधा ‘आ’च ठेवतो, ब्रिटिश माणूस त्याचा ‘अॅ’ करतो. अमेरिकेत ‘पास्ता’, इंग्लंडमध्ये ‘पॅस्टा’. अमेरिकेत ‘कबाब’, इंग्लंडमध्ये ‘कबॅब’. जपानी गाडी अमेरिकेत ‘माझ्दा’, इंग्लंडमध्ये ‘मॅझ्दा’. कॅनडातले लोक बोलतात अमेरिकनांसारखे, पण या बाबतीत ते बरेचदा ब्रिटिशांकडे झुकतात. मॅकगिल विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स बोबर्ग यांनी या एका स्वराचा सविस्तर अभ्यास केला आहे. फार पूर्वी आलेले शब्द मात्र हा नियम पाळत नाहीत. ‘टोमॅटो’ इंग्लंडमध्ये ‘टमाटो’ आणि अमेरिकेत ‘टमेटो’, केळं इंग्लंडमध्ये ‘बनाना’ आणि अमेरिकेत ‘बनॅना’. आपला मराठी ‘टोमॅटो’ दोघांपेक्षाही वेगळा, आणि तो दोन्हीकडे समजतो.

दुसरा नियम फ्रेंच शब्दांचा. अमेरिकन माणूस शब्दाच्या शेवटच्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर देतो, ब्रिटिश माणूस पहिल्यावर. ‘बॅले’, ‘कॅफे’, ‘बुफे’, ‘ब्रोशर’, ‘मसाज’ असे डझनावारी शब्द या एका नियमाने ओळखता येतात. ‘गॅरेज’ अमेरिकेत ‘गराज’, त्यातला ‘रा’ लांबवून. इंग्लंडमध्ये ‘गॅराज’ किंवा चक्क ‘गॅरिज’. माशाचा किंवा मांसाचा ‘फिलेट’ इंग्लंडमध्ये ट सकट ‘फिलिट’, अमेरिकेत ‘फिले’.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात स्पॅनिश उच्चार शिकून घ्यावेच लागतात. कॅलिफोर्नियात मराठी कुटुंबं भरपूर आहेत, आणि तिथे गेलेल्या पाहुण्याला पहिला धडा मिळतो तो ‘सॅन होझे’चा. लिहिताना तिथे ‘जे’ असतो, वाचताना ‘ह’. मिरची ‘हालापेन्यो’, पोळी ‘टोर्टीया’. ‘जलापेनो’ म्हटलं तरी काम होतं, पण समोरचा ‘हालापेन्यो’ म्हणाला तर ती तीच मिरची आहे हे कळायला हवं.

आता आपल्याकडून तिकडे गेलेले शब्द. ‘मुंगूस’ इंग्रजीत मराठीतून गेल्याचं अनेक कोश सांगतात. तो इंग्लंडमध्ये ‘मॉंगूस’ झाला आणि अमेरिकेत ‘मांगूस’. ‘खाकी’ इंग्लंडमध्ये ‘काकी’, अमेरिकेत ‘कॅकी’, आणि कॅनडातल्या जुन्या पिढीच्या तोंडी र घालून ‘कार्की’. दुकानात विजार मागताना ‘काकी’ ऐकू आलं तर दचकू नका. ‘पायजमा’ इंग्लंडमध्ये ‘पजामाझ’, अमेरिकेच्या काही भागांत ‘पजॅमाझ’. हळदीला आपण इंग्रजीत ‘टर्मरिक’ म्हणतो, तिला कित्येक अमेरिकन ‘टूमरिक’ म्हणतात.

‘ताज महाल’मधल्या ज-ला पुष्कळ इंग्रजी भाषक ‘मेझर’, ‘प्लेझर’मधल्या घासत येणाऱ्या झ-सारखं म्हणतात. ‘राज’चंही तेच करतात. त्यांच्या भाषेत हा आवाज फ्रेंच शब्दांतून आलेला, त्यामुळे परका शब्द दिसला की तो परका आवाज लावावा असं त्यांना आपोआप वाटतं. ‘बीजिंग’चा ज असाच बिघडतो. ‘पंजाब’मधला ‘यू’ पाहून ते ‘पूंजाब’ म्हणतात, कारण परक्या शब्दातला ‘यू’ म्हणजे ‘ऊ’ हे त्यांनी ठरवून टाकलेलं असतं. यात आपल्या भाषेचा अनादर नसतो. उलट, परका शब्द नीट म्हणायच्या धडपडीतून हे घडतं. म्हणून सांगावंसं वाटलं तर मोकळेपणाने सांगा, लोक लगेच सुधारतात.

न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र निघण्याआधीच शिकावी. तिथे माओरी भाषेला 1987 पासून अधिकृत दर्जा आहे आणि माओरी शब्द नीट उच्चारणं हा सौजन्याचा भाग मानला जातो. माओरीत ‘डब्ल्यू-एच’ ही जोडी बहुतेक ठिकाणी ओठ-दाताच्या ‘फ’सारखी म्हणतात. उत्तरेकडचं शहर ‘फांगारेई’, बे ऑफ प्लेंटीच्या किनाऱ्यावरचं ‘फाकाताने’. स्वर अगदी आपल्यासारखे, आ-ए-ई-ओ-ऊ, स्वच्छ. मराठी माणसाला माओरी उच्चार इंग्रजांपेक्षा सोपे जातात, त्याचा फायदा घ्या.

ज्या गावी जायचं, तिथला कान

इंग्लंडचे साधारण दोन भाग धरा. दक्षिणेत ‘बाथ’, ‘ग्रास’, ‘लाफ’ लांब आ-ने. उत्तरेत ‘बॅथ’, ‘ग्रॅस’, ‘लॅफ’ आखूड. दक्षिणेत ‘कप’, ‘बस’, ‘लव्ह’. उत्तरेत तेच ‘कुप’, ‘बुस’, ‘लुव्ह’. मँचेस्टर, लीड्स, शेफील्डला जाणाऱ्याने एवढी दोन वळणं ओळखली तरी पहिला आठवडा निभावतो. लंडनच्या साध्या बोलण्यात मधला ट घशात अडकतो, ‘बॉटल’चं ‘बॉ’ल’ होतं. ग्लासगोलाही हेच ऐकू येईल. आणि दक्षिण इंग्लंडचे लोक, एरवी र गिळणारे, दोन स्वरांच्या मध्ये नसलेला र घालतात. भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी ब्रिटिश निवेदकाचं ‘इंडिया-र-अँड पाकिस्तान’ ऐकून पाहा. ‘लॉ अँड ऑर्डर’चंही ‘लॉ-र-अँड ऑर्डर’ होतं.

स्कॉटलंडचा र आपल्या र-च्या जवळचा, त्यामुळे तिथलं बोलणं आपल्याला वेगवान वाटलं तरी परकं वाटत नाही. मात्र ‘पुल’ आणि ‘पूल’ तिथे एकसारखे ऐकू येतात. आयर्लंडमध्ये ‘थिंक’, ‘थर्टी’ यांतला थ अनेकांच्या तोंडी त किंवा ट-जवळ येतो. आपणही तो आवाज जीभ दातांवर दाबूनच काढतो, तेव्हा डब्लिनमध्ये आपला थ कोणाला खटकत नाही.

अमेरिकेसाठी थोडा जास्त वेळ द्या. तिथे दोन स्वरांमधला ट जीभ नुसती टेकवून सोडतात. आपण ‘वाडा’, ‘घोडा’ भरभर म्हणताना ड जसा निसटता येतो, साधारण तसा. त्यामुळे ‘वॉटर’, ‘मीटिंग’, ‘सिटी’ यांत ड ऐकू येतो आणि ‘रायटर’ व ‘रायडर’ जवळजवळ सारखे होतात. उपाहारगृहात आपण दणदणीत ट घालून ‘वॉटर’ मागितलं आणि वेटरला कळलं नाही, असं खरोखर घडतं. घाबरू नका, ‘अ ग्लास ऑफ वॉटर’ असं पूर्ण म्हणा. आधीचे शब्द त्याला वाट दाखवतात.

पण खरा धोका आहे ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांत. दक्षिण इंग्लंडमध्ये एक ‘कॅन’ आणि दुसरा ‘कान्ट’, त्यामुळे घोटाळा होत नाही. अमेरिकेत दोन्हींत ‘अॅ’ आहे आणि नकारातला शेवटचा ट बहुधा ऐकूच येत नाही. मग ते ओळखतात कसे? जोरावरून. होकारातला ‘कॅन’ ते घाईघाईने, जवळपास ‘कन्’ असा उरकतात: ‘आय कन् कम’. नकारातला मात्र पूर्ण स्वराने, जोर देऊन: ‘आय कॅन(ट) कम’. आता आपण काय करतो? होकार द्यायलाही ठासून ‘आय कॅन कम’ म्हणतो. समोरच्याला नकार ऐकू जातो. कामाची पाळी ठरवताना, डॉक्टरांची वेळ घेताना, प्रवासाचं ठरवताना याने चांगलाच गोंधळ होऊ शकतो. उपाय सोपा आहे. होकार असेल तर ‘येस, आय कॅन’, नकार असेल तर ‘नो, आय कॅनॉट’. आधी येस किंवा नो, आणि नकारात ‘कॅनॉट’ पूर्ण. एवढं पाळलं तर बाकीचं अमेरिकन वळण नाही जमलं तरी बिघडत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत, टेक्सासपासून पूर्वेकडे, ‘पेन’ आणि ‘पिन’ अनेकांच्या तोंडी एकच होतात. म्हणून तिथे ‘इंक पेन’ असं जोडून म्हणणारे लोक भेटतात.

ऑस्ट्रेलियात ‘ए’ हा स्वर ‘आइ’कडे जातो: ‘टुडे’चं ‘टुडाइ’, ‘मेट’चं ‘माइट’, ‘एट’चं ‘आइट’. फोनवर कोणी आपल्या नावाची अक्षरं सांगत असेल तर ‘ए’ ऐकताना ‘आय’ ऐकू येणं अगदी सहज शक्य आहे. न्यूझीलंडमध्ये याहून वेगळी गंमत: तिथे स्वर एक-एक घर सरकलेले आहेत. ‘बॅड’ आपल्याला ‘बेड’ वाटतं, ‘बेड’ ‘बिड’ वाटतं, ‘फिश’ ‘फश’ वाटतं. विमानतळावर ‘चिक-इन’ ऐकू आलं तर ते ‘चेक-इन’ आहे, आणि ‘टिन’ म्हणजे दहा. ‘बेअर’ आणि ‘बिअर’ हे दोन्ही शब्द पुष्कळांच्या तोंडी सारखेच येतात. हे एकदा कागदावर लिहून काढा आणि मग तिथली रेडिओ बातमीपत्रं ऐका. सरकलेलं घर लक्षात आलं की सगळे शब्द एकदम उलगडतात.

गावांची नावं स्थानिक माणसाला विचारा

गावाच्या नावाला कोणताही नियम लावू नका. आपली वर्तमानपत्रं ‘मेलबर्न’, ‘ब्रिस्बेन’, ‘एडिनबर्ग’ छापतात, मराठीत तेच रूढ आहे आणि ते बदलायची गरज नाही. पण तिकडे टॅक्सीत बसलात तर ‘मेल्बन’, ‘ब्रिझ्बन’, ‘एडिनबरा’ म्हणा. इंग्लंडमधलं लेस्टर स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर ‘लायसेस्टर’ होतं आणि तिथे ते कोणालाही कळत नाही. वुस्टर हे शहर इंग्लंडमध्ये आहे, मॅसॅच्युसेट्समध्येही आहे, आणि दोन्ही ठिकाणी मधली अर्धी अक्षरं मुकी आहेत.

एकच नाव दोन ठिकाणी वेगळं निघतं, हे जास्त अडचणीचं. टेक्सासचं शहर ‘ह्यूस्टन’, न्यूयॉर्कमधला त्याच स्पेलिंगचा रस्ता ‘हाउस्टन’. इंग्लंडचं ‘बर्मिंगम’ ह गिळून, अलाबामाचं ‘बर्मिंगहॅम’ ह सकट. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या न्यूकॅसलचे रहिवासी ‘कॅ’वर जोर देतात आणि अॅ म्हणतात, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधलं त्याच नावाचं शहर ‘न्यूकासल’ आहे. ओहायो राज्यातलं ‘लीमा’ स्थानिकांच्या तोंडी ‘लायमा’, इलिनॉयमधलं ‘कैरो’ ‘केरो’. पेरूची राजधानी आणि इजिप्तची राजधानी तिथे आठवू नका. पत्ता हाती आला की दुकानदाराला, शेजाऱ्याला, बसचालकाला एकदा विचारा, ‘हाउ डू यू से धिस?’ असं विचारलेलं कोणालाही आवडतं.

आता जिभेच्या चार दुरुस्त्या

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती जोराची, म्हणजे आघाताची. मराठीत शब्दातल्या कोणत्याही अवयवावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तिकडे लक्षच देत नाही. इंग्रजी भाषक मात्र शब्द ओळखतो तोच जोरावरून. ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर आहे, आपण तो ‘डे’वर देतो. ‘होटेल’मध्ये जोर ‘टे’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये ‘फो’वर, पण ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’वर. समोरच्याला आपला शब्द कळला नाही की आपण तोच शब्द मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी जोर दुसरीकडे देऊन पाहा. काही शब्दांत प्रदेशानुसार जोर बदलतो: ‘लॅबोरेटरी’ अमेरिकेत ‘लॅ’वर, इंग्लंडमध्ये ‘बॉ’वर. कोणताही एक धरा.

दुसरी दुरुस्ती श्वासाची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क फुंकरीसह येतात. आपले प-ट-क कोरडे असल्याने आपला ‘कोट’ त्यांना ‘गोट’ ऐकू जाऊ शकतो, ‘पिन’ची ‘बिन’ होऊ शकते. तोंडासमोर पातळ कागदाचा चिटोरा धरून ‘पेन’ म्हणा. कागद हलला पाहिजे. आपल्याकडे ख, ठ आहेत, त्यांची अर्धी फुंकर घ्या. ‘स’नंतर मात्र फुंकर नको, ‘स्पिन’, ‘स्टॉप’ आपले कोरडेच बरोबर.

तिसरी, व आणि व्ह. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, इथे ओठांचा चंबू करा. ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन, इथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि लिहिताना असलेला ह बोलताना सोडून द्या. मराठी लिपीने हा फरक लेखनात तरी जपला आहे.

चौथी, आकडे आणि नाव. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत जगभरचे लोक गोंधळतात. पैशांचा किंवा वेळेचा प्रश्न असेल तर ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ असं सुटं विचारून घ्या. नाव सांगताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही विमानचालकांची अक्षरावली वापरा. 1956 पासून ती आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत चालते, आणि तिच्यात नऊला ‘नाइनर’ म्हणतात तेही पाचाशी गल्लत होऊ नये म्हणूनच. नावाचा उच्चार समजावताना त्यांच्या भाषेतला एखादा शब्द आधाराला द्या. कमला हॅरिस यांनी 2019 साली आलेल्या आपल्या आत्मकथनात ‘कॉमा-ला’ अशी फोड दिली. त्यांनी वाचकाला माहीत असलेल्या विरामचिन्हाचा आधार घेतला. आपल्याकडच्या ‘ज्ञ’ असलेल्या नावांना तर हे करावंच लागतं, कारण ‘डी-एन-वाय’ पाहिल्यावर वाचणारा तिथेच थांबतो. लिंक्डइनवर 2020 पासून स्वतःच्या आवाजात नाव ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय आहे. मुलाखतीला जाण्यापूर्वी ती नक्की वापरा.

सराव कसा करावा

जिथे जायचं तिथला सार्वजनिक रेडिओ इंटरनेटवर लावा: स्कॉटलंडसाठी बीबीसी रेडिओ स्कॉटलंड, आयर्लंडसाठी आरटीई, ऑस्ट्रेलियासाठी एबीसी, न्यूझीलंडसाठी आरएनझेड, अमेरिकेसाठी एनपीआर, कॅनडासाठी सीबीसी. चित्रपट आणि मालिकांपेक्षा हवामान आणि वाहतुकीच्या बातम्या जास्त उपयोगी पडतात. त्यांत रोज तीच गावं, तेच आकडे, तेच वार येतात, आणि आपल्याला पुढे लागणार असतं तेही हेच. जॉर्ज मेसन विद्यापीठाचा ‘स्पीच अॅक्सेंट आर्काइव्ह’ फुकट ऐकता येतो. त्यात जगभरचे लोक एकच इंग्रजी परिच्छेद वाचतात, त्यामुळे नेमका काय फरक पडला ते कानाला लगेच कळतं. एखाद्या शब्दासाठी केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही आवाज असतात. ‘यूग्लिश’वर शब्द टाकला की तो खऱ्या बोलण्यात वापरलेल्या चित्रफिती दिसतात आणि देश निवडता येतो.

‘आयेल्ट्स’ परीक्षेला बसणाऱ्यांनी तर हा सराव टाळूच नये. तिच्या श्रवणाच्या भागात 40 प्रश्न असतात, ध्वनिफीत एकदाच वाजते आणि तीत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, उत्तर अमेरिकन असे वेगवेगळे उच्चार येतात. बोलण्याच्या भागात चार निकष आहेत आणि उच्चार हा त्यांतला एक. तिथे पाहिलं जातं ते बोलणं स्पष्ट कळतं का, अमेरिकन किंवा ब्रिटिश वाटतं का हे नाही. ‘अॅक्सेंट’ बदलून देतो म्हणून हजारो रुपये घेणाऱ्या वर्गांना माझा विरोध आहे तो याचसाठी. अर्धीमुर्धी नक्कल ऐकणाऱ्याला गोंधळात टाकते, आणि आयरिश माणसासमोर आयरिश वळण घेतलं तर त्याला ती थट्टा वाटते.

उच्चारांतले असे फरक आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन च आपण एकाच अक्षराने लिहितो, आणि एखाद्या हिंदी भाषकाने ‘चाक’ ‘चार’सारखं म्हटलं तर क्षणात ओळखतो. तरी त्याचं म्हणणं आपल्याला कळतं, आणि आपण त्याला मराठी येत नाही असं म्हणत नाही.

शेवटी शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती. आजची मुलं यूट्यूबवरची अमेरिकन गाणी ऐकत वाढली आहेत. ती ‘झेड’ऐवजी ‘झी’ म्हणतात, ‘शेड्यूल’ऐवजी ‘स्केड्यूल’ म्हणतात. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, म्हणून स्पेलिंग एकाच पद्धतीचं हवं हा आग्रह जरूर धरा. पण तोंडी परीक्षेत या उच्चारांसाठी गुण कापू नका. तो उच्चार कुठल्या देशातला आहे ते मुलाला सांगा आणि वर्गातल्या नकाशावर तो देश दाखवा.